तेल घाणीचे शुद्ध, पण कॅन कसली? प्लॅस्टिकमधून खाद्यतेलात उतरणारी रसायने

धरमपेठेत आणि शेजारच्या गोकुळपेठ बाजारात घाणीच्या तेलाला चांगली मागणी आहे. तीळ, भुईमूग, करडई, जवस अशी तेले लोक डोळ्यांसमोर काढून घेतात आणि दोन पैसे जास्तही देतात. ही मागणी पाहून नागपूर, वर्धा, भंडारा, यवतमाळ या जिल्ह्यांत अनेक शेतकरी गट व महिला बचत गट छोटी घाणी किंवा एक्सपेलर लावून स्वतःच्या तेलबियांचे गाळप करू लागले आहेत. कच्चा माल विकण्यापेक्षा तेल आणि ढेप विकणे फायद्याचे, हा हिशेब बरोबरच आहे.

मात्र गटांच्या बैठकीत गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, गिऱ्हाईक विचारते, प्लॅस्टिकच्या बाटलीत तेल ठेवले तर प्लॅस्टिक तेलात उतरते का? काय सांगायचे?"

थोडक्यात उत्तर असे. हो, उतरते. पण नवी, खाद्यपदार्थासाठी बनवलेली बाटली आणि त्यात थंड करून भरलेले तेल असेल, तर उतरणारे प्रमाण फार कमी असते. खरी गडबड बाटलीपेक्षा आपल्या कामाच्या पद्धतीत असते. जुनी कॅन, पारदर्शक मऊ पाइप, गरम तेल आणि टिनाचे तापलेले शेड या चार गोष्टी सांभाळल्या तर बहुतेक धोका टळतो, आणि त्यांना खर्चही फार येत नाही. हे कसे, ते क्रमाने पाहू.

प्लॅस्टिकमधून नेमके काय उतरते?

प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. या साखळ्या इतक्या मोठ्या असतात की त्या स्वतः तेलात विरघळत नाहीत. पण नुसत्या साखळ्यांपासून चांगली बाटली किंवा पाइप बनत नाही. त्यात इतर पदार्थ मिसळावे लागतात:

- मऊपणा आणणारे पदार्थ (प्लॅस्टिसायझर). पीव्हीसी मूळचे कडक असते. ते मऊ, लवचीक करण्यासाठी थॅलेट गटातील रसायने घालतात. त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे डीईएचपी.
- प्लॅस्टिक उष्णतेने व हवेने खराब होऊ नये म्हणून घातलेले पदार्थ.
- रंग, आणि बाहेरून छापलेल्या शाईतील घटक.
- कारखान्यातील प्रक्रियेत मागे राहिलेले अंश. उदाहरणार्थ, पेट बाटलीचे प्लॅस्टिक बनवताना वापरलेल्या अँटिमनी या धातूचा थोडा अंश, किंवा डब्याच्या आतील इपॉक्सी लेपातील बिस्फेनॉल ए.

हे छोटे रेणू साखळ्यांना पक्के जोडलेले नसतात, ते साखळ्यांच्या मधल्या जागेत अडकलेले असतात. त्यामुळे ते हळूहळू सरकत आतल्या पृष्ठभागापर्यंत येतात आणि समोर तेल मिळाले की त्यात विरघळतात. यालाच रसायनांचे स्थलांतर म्हणतात.

पाण्यापेक्षा तेलात जास्त का?

फवारणीच्या अनुभवातून हे सहज समजेल. काही कीटकनाशके पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ती तेलकट द्रावकात विरघळवून ईसी स्वरूपात विकली जातात. तेलकट पदार्थ तेलकट पदार्थातच विरघळतो. थॅलेट व प्लॅस्टिकमधील इतर बरेच पदार्थ याच स्वभावाचे आहेत. पाण्याच्या बाटलीत ते प्लॅस्टिक सोडून बाहेर यायला फारसे तयार नसतात. तेलात मात्र ते सहज उतरतात.

दुसरे कारण असे की तेल स्वतःही थोडे प्लॅस्टिकमध्ये शिरते. तेलाची जुनी कॅन कितीही धुतली तरी चिकट लागते आणि तिचा वास जात नाही, तो याचमुळे. तेल शिरले की प्लॅस्टिक किंचित फुगते, साखळ्यांमधल्या जागा सैल होतात आणि आतले रेणू बाहेर पडणे आणखी सोपे होते.

किती उतरेल, हे चार गोष्टींवर ठरते

१. तापमान. हा सर्वांत मोठा घटक. तापमान दर १० अंशांनी वाढले की स्थलांतराचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत ठेवलेली कॅन ४५ अंशांच्या शेडमध्ये नेली, तर वेग चारपट ते नऊपट होऊ शकतो.

२. वेळ. सुरुवातीला रसायने लवकर उतरतात, पुढे वेग मंदावतो. ढोबळमानाने वेळ चौपट झाली की उतरलेले प्रमाण दुप्पट होते. म्हणून थोडे तेल काढा, लवकर विका, हे धोरण चवीसाठी जितके चांगले तितकेच यासाठीही.

३. तेलाच्या मानाने प्लॅस्टिकचा पृष्ठभाग. घनाकृती डबा धरून हिशेब करू. एक लिटरच्या डब्यात एक लिटर तेलाला ६ चौरस डेसिमीटर प्लॅस्टिक लागते. १५ लिटरच्या डब्यात दर लिटरला सुमारे २.४ चौरस डेसिमीटर, तर १०० मिलिलिटरच्या बाटलीत दर लिटरला सुमारे १३. म्हणजे नमुना म्हणून दिलेल्या छोट्या बाटल्या आणि पाउच यांत तेलाला प्लॅस्टिक जास्त भिडते. तेल छोट्या बाटलीत घालायचे असेल तर ते विक्रीच्या वेळी भरा, दोन महिने आधी भरून ठेवू नका.

४. प्लॅस्टिकचा प्रकार आणि त्याचा इतिहास. ते कशाचे आहे, नवे आहे की पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकचे, आणि आधी त्यात काय भरले होते.

नागपूरचा उन्हाळा आणि प्रयोगशाळेतील ४० अंश

प्लॅस्टिक खाद्यपदार्थासाठी योग्य आहे का, हे तपासताना त्यात ठरावीक द्रव ठरावीक तापमानात ठेवून किती पदार्थ उतरले ते मोजतात. नेहमीच्या तापमानात दीर्घकाळ साठवणुकीसाठी रूढ असलेली चाचणी ४० अंश सेल्सिअसला १० दिवसांची आहे. थंड देशात साठवणुकीसाठी ४० अंश म्हणजे भरपूर सुरक्षित अंतर ठेवलेले तापमान झाले. आपल्याकडे तसे नाही.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. मे महिन्यात दुपारचा पारा ४० च्या पुढे असणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट. हे झाले सावलीतले तापमान. टिनाच्या शेडखाली, उन्हात उभ्या केलेल्या मालवाहू गाडीत किंवा दुकानाच्या काचेमागे तापमान याहून बरेच वर जाते. बाटलीने चाचणी पास केलेली असली तरी ती तुमच्या शेडमधल्या तापमानासाठी केलेली नसते. म्हणून विदर्भात बाटली निवडण्याइतकेच महत्त्व ती कुठे ठेवता याला आहे.

कोणते प्लॅस्टिक कसे?

बाटली किंवा कॅनच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. ते खाद्यपदार्थासाठी योग्य आहे असे तो आकडा सांगत नाही, हे लक्षात ठेवावे. खाद्यपदार्थासाठीची खूण वेगळी असते: पेला आणि काटा-चमच्याचे चित्र.

- १, पेट: पारदर्शक तेलाच्या बाटल्या. नावात टेरेथॅलेट असल्यामुळे पेटमध्ये थॅलेट असतात असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. पेटला मऊ करण्यासाठी थॅलेट घालावे लागत नाहीत, दोन्ही पदार्थ वेगळे आहेत. थंड तेलासाठी नवी पेट बाटली चांगली. मात्र ७० अंशांच्या आसपास पेट मऊ पडते, त्यामुळे गरम तेल तिच्यात भरू नये. ती पारदर्शक असल्याने उजेडही आत येतो.
- २, एचडीपीई: दुधी रंगाच्या, जाड कॅन. थॅलेटची गरज नसते. नवी, खाद्य दर्जाची कॅन तेलाला चालते. पण तिच्यातून हवेतील ऑक्सिजन पेटपेक्षा जास्त आत जातो, म्हणून फार काळ साठवू नये.
- ३, पीव्हीसी: पारदर्शक मऊ पाइप, काही झाकणांच्या आतील गॅस्केट. तेलासाठी सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी.
- ४, एलडीपीई: पाउचची फिल्म व मऊ पिशव्या. तेलाचे चांगले पाउच अनेक थरांचे असतात. बाजारातील साध्या पिशवीत तेल बांधून देऊ नये.
- ५, पीपी: झाकणे, डबे. उष्णता बऱ्यापैकी सहन करते.
- ६, पॉलिस्टायरीन आणि ७, इतर: तेलाच्या साठवणुकीसाठी वापरू नयेत.

आणखी एक गोष्ट. काच व स्टील स्वतः काही सोडत नाहीत, पण काचेच्या बरणीच्या झाकणात मऊ गॅस्केट असते. तेलातले लोणचे, मसाले यांच्या बरण्यांमध्ये झाकणाच्या गॅस्केटमधून प्लॅस्टिसायझर तेलात उतरण्याचा प्रश्न युरोपात मोठा झाला होता. म्हणून काचेच्या बाटलीतही तेल झाकणाला सतत भिडणार नाही अशी ती उभी ठेवावी.

नियम काय सांगतो, आणि घाबरायचे किती?

प्लॅस्टिकचा त्रास नको म्हणून तेल सुटे विकावे, असे काही जण म्हणतात. ते योग्य नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. त्यातून झालेल्या विषबाधेत ६० हून अधिक लोक दगावले. त्यानंतर त्याच वर्षी खाद्यतेल पॅक करूनच विकण्याचा केंद्राचा आदेश आला. आजही सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीला, राज्य सरकारने सूट दिल्याशिवाय, बंदी आहे. भेसळ थांबवण्यासाठी पॅकिंग आले. ते पॅकिंग नीट करणे हे आपले काम.

पॅकिंगबाबत अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) नियम २०१८ लागू आहेत. १ जुलै २०१९ पासून ते पाळणे बंधनकारक आहे. त्यातील आपल्या कामाच्या तरतुदी अशा:

- प्लॅस्टिकमधून खाद्यपदार्थात उतरणाऱ्या सर्व पदार्थांची एकूण मर्यादा: प्रति किलो ६० मिलिग्रॅम किंवा प्रति चौरस डेसिमीटर १० मिलिग्रॅम. (एक किलोला ६ चौरस डेसिमीटर, हा वरचाच हिशेब.)
- डीईएचपीची वेगळी मर्यादा: प्रति किलो १.५ मिलिग्रॅम. अँटिमनीची: प्रति किलो ०.०४ मिलिग्रॅम.
- पॅकिंगच्या साहित्याला एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अनुरूपता प्रमाणपत्र हवे.
- एकदा वापरलेला टिनाचा पिपा खाद्यतेल भरण्यासाठी पुन्हा वापरता येत नाही.

आता गिऱ्हाइकाला सांगता येईल असा हिशेब करू. समजा, तेलात डीईएचपी अगदी मर्यादेइतके, म्हणजे किलोला १.५ मिलिग्रॅम आहे आणि एक माणूस रोज ४० ग्रॅम तेल खातो. त्याच्या पोटात रोज ०.०६ मिलिग्रॅम जाईल. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये डीईएचपीसह चार थॅलेट मिळून रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला ०.०५ मिलिग्रॅम ठरवली. ६० किलोच्या माणसासाठी ती ३ मिलिग्रॅम होते. म्हणजे मर्यादेतल्या तेलातून जाणारे प्रमाण तिच्या पन्नासाव्या भागाइतके. १५ किलोच्या मुलाने रोज २० ग्रॅम तेल खाल्ले तर ते पंचविसाव्या भागाइतके.

म्हणून नियमात बसणाऱ्या बाटलीतले तेल खाऊन लगेच काही होईल, ही भीती नको. पण मग काळजी का घ्यायची? कारण थॅलेट फक्त तेलातून येत नाहीत, इतर वस्तूंमधूनही येतात आणि रोज येतात. प्राण्यांवरील प्रयोगांत डीईएचपीमुळे नर संप्रेरकांवर व गर्भातील वाढीवर परिणाम दिसला आहे, त्यामुळे गरोदर महिला व लहान मुलांच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते. शिवाय ज्ञान वाढते तशा मर्यादा कडक होत आहेत. युरोपने डीईएचपीची मर्यादा १.५ वरून ०.६ मिलिग्रॅमवर आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला स्पर्श करणाऱ्या साहित्यात बिस्फेनॉल ए वापरण्यावर बंदीचा नियम केला.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वरचा हिशेब मर्यादेत असलेल्या तेलाचा आहे. खाली दिलेल्या चुका झाल्या तर तेल मर्यादेत राहीलच याची खात्री नाही.

चूक १: पारदर्शक मऊ पाइप

टाकीतून कॅनमध्ये तेल घ्यायला बहुतेक ठिकाणी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला पारदर्शक पाइप असतो. तो बहुधा मऊ पीव्हीसीचा असतो. मऊ पीव्हीसीत वजनाच्या २० ते ४० टक्के प्लॅस्टिसायझर असू शकतो. दोन सेंटिमीटर पोकळीचा, दोन मिलिमीटर जाडीचा एक मीटर पाइप सुमारे १६५ ग्रॅम भरतो. ३० टक्के धरले तरी त्यात जवळपास ५० ग्रॅम, म्हणजे ५०,००० मिलिग्रॅम प्लॅस्टिसायझर आहे. तो डीईएचपी असेल आणि त्यातला फक्त हजारावा भाग तेलात उतरला, तरी सुमारे ३३ किलो तेल मर्यादेपर्यंत पोहोचते.

हे घडते आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पाइप नवा असताना हातात गुंडाळता येत होता आणि काही महिन्यांच्या वापरानंतर कडक झाला, पिवळा पडला का? मऊपणा आणणारा पदार्थ त्यातून निघून गेला म्हणून तो कडक झाला. तो ज्या तेलातून गेला ते तेल तुम्ही विकले.

उपाय: स्टेनलेस स्टीलचा पाइप आणि नळ बसवावा. टाकी थोडी उंचावर ठेवली तर पाइपची गरजही राहत नाही, नळाखाली थेट कॅन लावता येते. लवचीक पाइप लागतच असेल तर तेलकट पदार्थासाठी प्रमाणित असल्याचे लेखी घेऊनच घ्यावा, नुसत्या "फूड ग्रेड आहे" या शब्दावर नाही. तेल पाइपमध्ये रात्रभर भरून ठेवू नये.

चूक २: गरम तेल भरणे

लाकडी घाणीचे तेल कोमट निघते. एक्सपेलरमधून मात्र हाताला चटका बसेल इतके गरम येते. घाईत तेच फिल्टर करून कॅनमध्ये भरले जाते. वर सांगितल्याप्रमाणे दर १० अंशांचा फरक दोन-तीन पट मोजायचा. त्यात १५ लिटर गरम तेल झाकण लावून ठेवले की थंड व्हायला कितीतरी तास लागतात, आणि तेवढा वेळ ते प्लॅस्टिकला भिडून असते.

उपाय: तेल स्टीलच्या झाकणबंद टाकीत एक ते दोन दिवस निवळू द्यावे. त्यात गादही खाली बसते आणि तेल थंडही होते. थंड झालेले वरचे तेल भरावे.

घरीही हेच लागू आहे. सणाला तळणीचे उरलेले तेल गरम असतानाच प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतू नये. भजी, वडे वर्तमानपत्रावर काढू नयेत, कारण छपाईच्या शाईतील घटक गरम तेलात उतरतात. वर्षभराचे आंब्याचे लोणचेही चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच ठेवावे. लोणच्यात तेल, मीठ आणि आंबट रस हे तिन्ही वर्षभर भांड्याला भिडून असतात.

चूक ३: जुनी कॅन

यात एक चूक अशी आहे की तिच्यासमोर बाकी सर्व किरकोळ वाटतात. कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची रिकामी कॅन सोडा घालून, गरम पाण्याने घासून तेल, रॉकेल, कधी पिण्याच्या पाण्यासाठीही वापरली जाते. विस्तार कार्यकर्त्यांनी घरोघरी पाहिले असेल.

ईसी कीटकनाशकातील द्रावक प्लॅस्टिकच्या भिंतीत शिरतो आणि सोबत औषधही नेतो. धुतल्याने पृष्ठभाग स्वच्छ होतो. भिंतीत शिरलेले औषध तसेच राहते. पाणी भरले तर ते कमी बाहेर येते, पण खाद्यतेल भरले तर तेलच ते ओढून काढते. म्हणजे अशा कॅनसाठी खाद्यतेल ही सर्वांत वाईट वस्तू. येथे किलोला किती मिलिग्रॅम हा हिशेब करत बसू नये, अशी कॅन वापरायचीच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेच विष स्वयंपाकघरात आणायचे नाही.

कीटकनाशक नियम १९७१ मधील नियम ४४ प्रमाणे रिकामी वेष्टने कोणी पुन्हा वापरणार नाही अशा रीतीने नष्ट करायची असतात. कॅन तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घ्यावे आणि कॅनला लगेच भोक पाडावे. भोक पाडलेली कॅन कोणी तेलाला वापरत नाही, इतका सोपा हा उपाय आहे.

इंजिन ऑइल, रंग, फिनाईल यांच्या कॅनलाही हाच नियम. काळ्या किंवा गडद रंगाच्या स्वस्त कॅन बहुधा पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यात आधी काय होते हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. पाण्याच्या वापरलेल्या पेट बाटलीचा प्रश्न वेगळा आहे. तिचे प्लॅस्टिक विषारी नसते, पण ती नीट सुकत नाही, झाकण सैल होते आणि तेल लवकर खवट होते. विक्रीसाठी ती वापरूच नये.

चूक ४: उन्हात साठवण

एका गटाने मला तिळाच्या तेलाची परत आलेली कॅन दाखवली होती. तक्रार अशी की तेलाला प्लॅस्टिकचा वास येतो. पाहिले तर कॅन नवी, चांगल्या दर्जाची होती. पण माल एप्रिल-मे असे दोन महिने टिनाच्या शेडमध्ये, अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये पडून होता. तो वास मुख्यतः खवटपणाचा होता. उष्णता, उजेड आणि कॅनमधली हवा यांनी तेल बिघडले होते. मात्र त्याच ठिकाणी तेल भरायला कडक, पिवळा पडलेला पीव्हीसी पाइप होता. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, कारण डीईएचपीला वास जवळपास नसतोच.

यातून दोन धडे. वास आला म्हणजे प्लॅस्टिकच उतरले असे नाही, आणि वास आला नाही म्हणजे काही उतरले नाही असेही नाही. दोन्ही दोषांचा मोठा उपाय मात्र एकच: थंड, अंधारी जागा आणि कमी दिवसांचा साठा.

जवसाच्या तेलाबाबत हे दुप्पट पाळावे. जवस तेलात निम्म्याहून अधिक अल्फा लिनोलेनिक आम्ल असते. त्यासाठीच शहरातील ग्राहक ते घेतो, आणि त्यामुळेच ते सर्वांत लवकर खवट होते. ते गडद काचेच्या छोट्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, मागणीप्रमाणे काढून द्यावे.

गाळपाआधीची एक गोष्ट: बारदान

प्लॅस्टिकचा विचार करताना तागाच्या पोत्याकडे दुर्लक्ष होते. ताग मऊ करण्यासाठी कारखान्यात खनिज तेल वापरले जाते. ते पोत्यातून बियांत आणि बियांतून तेलात येते. म्हणूनच कोको, कॉफी व सोललेल्या दाण्यांसाठी आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने वेगळा दर्जा ठरवला, ज्यात खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल वापरलेली पोती लागतात. सोललेले शेंगदाणे आणि तीळ उग्र वासाच्या नव्या बारदानात महिनोन्महिने ठेवू नयेत. शेंगा टरफलासह साठवून गाळपाच्या आधी फोडाव्यात. खताची किंवा पशुखाद्याची रिकामी पोती तेलबियांसाठी वापरू नयेत.

गटांसाठी कामाची यादी

- टाकी, नरसाळे, नळ आणि पाइप स्टेनलेस स्टीलचे. मऊ पारदर्शक पाइप आजच काढावा.
- तेल निवळून, थंड करून मगच भरावे.
- बाटल्या व कॅन नव्या, खुणेच्या. पुरवठादाराकडून अनुरूपता प्रमाणपत्राची प्रत मागून फाइलला लावावी. "तेलकट पदार्थासाठी" असा उल्लेख आहे का ते पाहावे.
- बाटली गळ्यापर्यंत भरावी. आत हवा कमी राहिली पाहिजे.
- साठवण पक्क्या छताखाली, अंधाऱ्या, हवेशीर खोलीत. उन्हाळ्यात तेलाचा मोठा साठा करण्यापेक्षा बियांचा साठा करावा आणि मागणीप्रमाणे गाळप करावे.
- लेबलवर गाळपाची तारीख आणि "थंड, अंधाऱ्या जागी ठेवा" ही सूचना.
- आधी भरलेला माल आधी विकावा.
- मोठी मागणी आली तर एकदा तरी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तेलाचा नमुना थॅलेटसाठी तपासून घ्यावा. नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत द्यावा, नाहीतर तपासणी नमुन्याच्या बाटलीचीच होईल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

तेलबिया प्रक्रियेच्या प्रशिक्षणात यंत्र, कर्ज आणि बाजारपेठ यांवर बोलले जाते, भरण्याच्या पाइपवर कोणी बोलत नाही. पुढच्या भेटीत दोन गोष्टी करा. घाणीवर गेलात की आधी पाइपला हात लावून पाहा. आणि शेतकऱ्याच्या घरी गेलात की तेलाची कॅन पूर्वी कशाची होती ते विचारा. तिच्यावरचे लेबल खरवडलेले दिसले तर तिथेच तिला भोक पाडून, त्या घरी स्टीलचा डबा घ्यायला सांगा.

धरमपेठेतले गिऱ्हाईक घाणीच्या तेलाला जास्त भाव देते, ते शुद्धतेच्या विश्वासावर. तेल शुद्ध काढण्याची मेहनत तुम्ही करताच. शेवटच्या एक मीटर पाइपमुळे आणि उन्हात ठेवलेल्या कॅनमुळे ती वाया जाऊ देऊ नका.